पाच वेढे

यल्लव्वाने मुरुडशेंग मुलाच्या हातात दिली नाही. प्रसेनजीतने हात पुढे केला होता, तळवा वर करून, आणि ती हातभर अंतरावरच उभी होती. तरी तिने तो वाळका, पीळ पडलेला तुकडा आणि कुड्याच्या सालीची एक ढलपी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली, कालच्या पेपरच्या चतकोरावर, आणि तीन पावलं मागे सरली. मग म्हणाली, "शेंगंचं पाच येढं घाल. सालीचं दोन बास." एवढं बोलून ती वळली आणि आपल्या खोलीत जाऊन कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली. रविवारचे दुपारचे तीन वाजले होते. त्याची बायको गौतमी मुलीला, मनालीला, घेऊन माहेरी गडहिंग्लजला बारशाला गेली होती, संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. घरात फ्रिजचा आवाज तेवढा चालू होता. प्रसेनजीतने आपल्या हाताकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने आपल्याच घरात, आपल्याच आईसमोर असा रिकामा हात पसरून उभं राहावं, यात हसण्यासारखं काहीतरी होतं. पण त्याला हसू आलं नाही. पोटात मुरडा उठला, तेव्हा त्याने तो हात मागे घेतला आणि पोटावर दाबून धरला.

आधी त्याला खटकला तो आकडा. टेबल, पेपर, मागे सरणं, हे सगळं नंतर. हा माणूसच तसा. बावीस वर्षं तो पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होता, आणि शहर उठून चूळ भरायच्या आत त्या चुळीच्या पाण्याचे आकडे याच्या वहीत उतरलेले असत: गढूळपणा किती, आम्लता किती, क्लोरीन किती उरलं. आकडा आपल्या जागेवर नसला की त्याला चैन पडत नसे. आणि मुरुडशेंगेचे वेढे चार. मोठ्या माणसाला चार, मग तो वीस वर्षांचा असो की ऐंशीचा. तान्ह्याला अर्धा, दात आले की एक, पळायला लागलं की दोन, शाळेत जायला लागलं की तीन, आणि अंगात मोठ्यांचे कपडे आले की चार. तिथे मोजणी संपायची. सहाणेवर चमचाभर पाणी घ्यायचं, शेंग आडवी धरायची आणि दगडाच्या कडेकडेने एक पूर्ण फेरा फिरवायचा, तो एक वेढा. हे त्याला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. गावी, नेसरीच्या त्या एका खोलीत, आई मोठ्याने मोजायची आणि हा ऐकायचा. मुळाक्षरांच्या आधी त्याला वेढे येत होते. मग पाच आले कुठून? वय झालं तिचं, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. सत्तरी उलटली. मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून विसरली, सगळं पातेलं जळलं. पण हे त्याचं त्यालाच पटेना. कारण दूध विसरणारी यल्लव्वा नेसरीतल्या कुठल्या पोराचा जन्म कुठल्या सुगीतला, हे अजून झोपेतून उठवलं तरी सांगायची. तिचे दिवस चुकायचे, नावं चुकायची. वेढे कधी चुकले नव्हते.

पोटाचं हे जूनपासून चाललं होतं. जेवण झालं की अर्ध्या तासात बेंबीभोवती पीळ पडायचा, ओलं फडकं दोन्ही हातांनी पिळावं तसा, आणि मग सगळं सोडून धावायचं. सुरुवातीला त्याने ते अंगावर काढलं. मग डॉक्टर झाला, तपासण्या झाल्या, पोटावर थंडगार मलम फासून सोनोग्राफी झाली, शेवटी आतून कॅमेराही घालून झाला. काही निघालं नाही. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. म्हणाला, साहेब, आतडं एकदम स्वच्छ आहे, टेन्शन कमी करा. प्रसेनजीतला त्याचा रागच आला. टेन्शन कसलं? कळंब्याच्या बाजूला स्वतःचं घर झालं होतं, हप्ते फिटले होते, मुलगी वर्गात पहिल्या पाचांत होती, बढती वेळेवर मिळाली होती. ज्याला टेन्शन नाही अशा माणसाला ते कमी करायला सांगणं म्हणजे काय, हे त्याने दोन दिवस मनात घोळवलं. गोळ्या घेतल्या की तोंडाला जुन्या नाण्याची चव यायची. प्रयोगशाळेतला कृष्णात म्हणाला, साहेब, ताक पिऊन बघा. आणखी कुणी इसबगोल सांगितलं. तांबडा रस्सा सुटला, पांढरा सुटला, चार महिने मऊ भात आणि मुगाचं वरण. आणि कोल्हापुरात राहून मऊ भात खाणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात ते त्याला कळलं. लग्नाच्या पंगतीत वाढपी विचारायचा, पावणं, काय दुखतंय काय? काय सांगायचं? आतडं एकदम स्वच्छ आहे, असं सांगायचं?

यल्लव्वाचं लक्ष होतं. तिच्या खोलीचं दार संडासाच्या समोर, त्यामुळे लक्ष नसून सांगते कुणाला. एकदा तिने सरळ विचारलं, "आज किती डाव गेलास?" प्रौढ माणसाला ही गोष्ट आईला सांगायची लाज वाटते. ती म्हणाली, मुरडाच हाय हा, शेंगंबिगर जायचा न्हाय. तिने ट्रंकेतून आपली पुरचुंडी काढली, सोडली, मांडीवर पसरली. आत तेच सगळं होतं: हिरडा, वेखंड, सुंठ, कुड्याची साल आणि मुरुडशेंगा, प्रत्येकीचा पीळ वेगळा. उगाळून देऊ का, असं तिने जूनपासून ऑक्टोबरपर्यंत किती वेळा विचारलं असेल त्याचा हिशोब नाही. तो म्हणायचा, बघू. बघू म्हणजे नको, हे तिलाही माहीत होतं, पण तिने विचारायचं सोडलं नाही. शेवटी मागच्या रविवारी, पोटाने अगदी जेरीला आणल्यावर, तो हो म्हणाला. हो म्हणाला, आणि सोबत एक अट घातली. आता टेबलाशी उभं राहून त्याने ती अट पुन्हा आठवून पाहिली, शब्दाला शब्द, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला अजूनही दिसलं नाही.

अट पाण्याची होती. यल्लव्वा फिल्टरचं पाणी प्यायची नाही. त्याला ती मेलेलं पाणी म्हणायची. चौऱ्याण्णव साली नवरा, दादासो, गेला आणि ती कोल्हापूरला राहायला आली. त्या दिवसापासून नऊ वर्षं ती रोज सकाळी तांब्याचा तांब्या घेऊन कॉलनीच्या मागच्या हातपंपावर जायची, भरून आणायची आणि दिवसभर तेच प्यायची. सगळ्या शहराला पाणी कसं प्यावं हे सांगणाऱ्या माणसाच्या घरात हा प्रकार. तो समजावून थकला. मग सप्टेंबरमध्ये, ती अंघोळीला गेली असताना, त्याने प्रयोगशाळेतून आणलेल्या निर्जंतुक बाटलीत त्या तांब्यातलं पाणी घेतलं. नोंदवहीत नाव घातलं नाही. नुसतं लिहिलं, घरगुती नमुना. दोन दिवसांनी नळ्या काढून पाहिल्या तर प्रत्येक नळीत पाणी गढुळलं होतं आणि आतल्या छोट्या नळीत हवेचा बुडबुडा धरला होता. पाण्यात जंतू असल्याची ही खूण त्याला पाठ होती. पिण्यास अयोग्य, असं त्याने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, आणि ते पान फाडून खिशात घातलं. घरी कुणाला बोलला नाही. आईची ट्रंक तिच्या माघारी उचकली असती तर जसं वाटलं असतं तसं काहीसं त्याला वाटत होतं. पण बुडबुडे होते, हे खरं होतं. आणि ती मात्र ते पाणी पिऊन ठणठणीत होती, हेही खरं होतं.

म्हणून मागच्या रविवारी तो म्हणाला होता, "आई, मी घेतो तुझं औषध. पण तू उगाळू नको. किती वेढे तेवढं तू सांग, घरात आम्ही फिल्टरच्या पाण्यात उगाळून घेऊ. तुझ्या हातचं पाणी मला चालायचं नाही." यल्लव्वा पुरचुंडीला गाठ मारत होती. गाठ मारून झाल्यावर तिने वर पाहिलं. रागाने नाही, दुःखानेही नाही. दारात अनोळखी माणूस आल्यावर कोण, कुठला, हे ओळखायला पाहावं तसं पाहिलं. मग म्हणाली, "बरं." एवढंच. पुढे आठवडाभर औषधाचं नाव निघालं नाही. पण घरात बारीकसारीक जागा बदलल्या. तिचा तांब्या ओट्यावर असायचा, तो तिच्या कॉटखाली गेला. ती स्वयंपाकघरात यायची कमी झाली. काही लागलं तर मनालीला हाक मारायची आणि दारातूनच घ्यायची. मनालीने जेवताना सांगितलं, पप्पा, आजी आपलं ताट धुते आणि रॅकवर नाही ठेवत, आपल्या खोलीत नेते. तो म्हणाला, म्हातारी माणसं असतात अशी. शुक्रवारी यल्लव्वा म्हणाली, सोमवारी सकाळच्या गाडीनं नेसरीला जाते. धाकट्याकडं ऱ्हाते जरा. प्रसेनजीतचा धाकटा भाऊ गावीच राहत होता. किती दिवस, असं विचारल्यावर म्हणाली, बघू. तिची कापडी पिशवी कालपासून दाराशी भरून ठेवलेली होती. गौतमीने रात्री विचारलं, अहो, तुम्ही काही बोललात का त्यांना? तो म्हणाला, मी काय बोलणार? आणि तो खोटं बोलत नव्हता. आपण काही बोललो आहोत हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

सहाण ओट्यावर होती. तीही तिनेच सकाळी आणून ठेवली असणार, फिल्टरच्या शेजारी, धुऊन, उपडी. नेसरीचा काळा दगड, मधे वाटीसारखा झिजलेला. त्याने ती सरळ केली, फिल्टरचा नळ सोडून चमचाभर पाणी घेतलं, शेंग उचलली. पहिला वेढा. शेंगेला स्वतःचा असा काही वास नसतो, लाकडाचा असतो तेवढाच. पण ओल्या दगडाला असतो, आणि तो वास नाकात गेला तसं प्रसेनजीतला ओढा आठवला. नेसरीला त्यांची वस्ती आणि गाव यांच्यामधे ओढा होता. उन्हाळ्यात त्यात गुडघाभरही पाणी नसायचं, एका ढांगेत पार करता येईल असा, पण तो पार करायला दोन्ही बाजूंना वेगवेगळे नियम होते. ओढ्याच्या अलीकडे एक सपाट धोंडा होता. वरच्या आळीच्या बाया पोर कडेवर घेऊन पलीकडे उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या, यल्ले, ए यल्ले. यल्लव्वा पुरचुंडी घेऊन जायची. धोंड्याच्या अलीकडून विचारायची, किती म्हैन्याचं हाय, पाय पोटाशी घेतंय का, शी कसली हुती. मग हवी ती मुळी धोंड्यावर ठेवायची आणि चार पावलं मागे सरायची. ती मागे सरली की बाई ओढ्यातून यायची, मुळी उचलायची. मुळी वाळलेली, तिला विटाळ नव्हता. तीच यल्लव्वाने पाण्यात उगाळून दिली असती तर नसती चालली. म्हणून यल्लव्वा वेढे सांगायची, आणि त्या बाया घरी जाऊन, आपल्या सहाणेवर, आपल्या पाण्यात उगाळायच्या. गुण आला की उरलेली मुळी आणून त्याच धोंड्यावर ठेवायच्या. यल्लव्वा ती पदराने पुसून पुरचुंडीत घालायची. सगळ्या गावाची पोटं तिने अशी लांबून सांभाळली. तिला त्यात कमीपणा वाटत होता की नव्हता, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, आणि विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दादासोला मात्र वाटायचा, आणि तो बोलून दाखवायचा. छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हा त्याने घरातले देव पाटीत भरून नेऊन सोडले आणि दोन वर्षांनी मुलगा झाला तेव्हा एका पुस्तिकेतून त्याचं नाव काढलं. यल्लव्वाला ते नाव कधी नीट म्हणता आलं नाही. ती पर्शाच म्हणायची. आपलं नाव मात्र तिने बदललं नाही, आणि पुरचुंडीही सोडली नाही. त्यावरून घरात भांडणं व्हायची. दादासोचं म्हणणं साधं होतं: औषध पाहिजे तर त्यांनी उंबऱ्याच्या आत यावं आणि इथल्या पाण्यात उगाळलेलं प्यावं. नाहीतर आपल्या वाटेने जावं. प्रसेनजीतला, आठ-नऊ वर्षांच्या पर्शाला, हे शंभर टक्के पटायचं. एका उन्हाळ्यात वरच्या आळीच्या गणपतरावांची बायको बनाबाई नातवाला घेऊन आली. दोन दात आलेलं पोर, पोटाशी पाय घेऊन रडत होतं, रडण्यातही जीव उरला नव्हता. त्या दिवशी दादासो घरी होता. त्याने यल्लव्वाला घरात उगाळायला लावलं, वाटी स्वतःच्या हातात घेतली, धोंड्यापर्यंत गेला आणि म्हणाला, "घ्या वैनी. पाजा. हितलंच पाणी हाय, चालत असंल तर." बनाबाईने वाटीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तिरस्कार असेल असं पर्शाला वाटलं होतं, पण तसं नव्हतं. ती घाबरली होती. कुणाला घाबरली होती, ते त्याला अजून कळलेलं नव्हतं. ती वळली आणि पोराला छातीशी धरून गेली. दादासोने वाटीतलं औषध सगळ्यांदेखत स्वतः पिऊन टाकलं. पर्शाला बापाचा इतका अभिमान वाटला की त्याच्या अंगावर काटा आला होता.

दुसरा वेढा. पाणी जेमतेम गढुळलं होतं. पुढचं त्याला आठवायला नको होतं. पुढचं तो पस्तीस वर्षं आठवत नव्हता. दुपारी बाप रोजगाराला गेला आणि यल्लव्वाने पुरचुंडी कमरेला खोचली, ओढा ओलांडला आणि मागच्या पांदीने गणपतरावांच्या परड्याकडे निघाली. पर्शा रागाने धुमसत मागे मागे गेला. परड्याच्या दगडी गडग्यावर तिने शेंग ठेवली, मागे सरली आणि ओरडून म्हणाली, "बनाबाई, दोन येढं घाल गं." आत कुठेतरी ते रडणं चालू होतं. कुणीतरी येऊन शेंग उचलल्याचं तिने लांबून पाहिलं आणि मगच ती परत फिरली. येताना पर्शा तिच्याशी बोलत नव्हता, पण आकडा त्याला गप्प बसू देईना. दात आलेल्या पोराला एक वेढा. तो म्हणाला, "अव्वा, त्याला तर एकच की. दोन का सांगितलंस?" ती चालत चालतच म्हणाली, "आपल्या हातानं उगाळलं तर एक. परक्याला एक जास्ती सांगायचा. परका हात भितोय रं. दाबून फिरवत न्हाय, वरवर फिरवतोय. उतरतंय कमी." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, तुज्या बाला सांगू नगंस. त्याने सांगितलं नाही. पण तो तिच्यावर चिडला होता आणि ती चीड पुढे कितीतरी वर्षं टिकली, मॅट्रिकपर्यंत, कॉलेजपर्यंत. कोल्हापूरला शिकायला आल्यावर तो तिला अव्वा म्हणायचा बंद झाला आणि आई म्हणायला लागला. पाण्याच्या खात्यात चिकटला तेव्हा मित्रांना हसत सांगायचा, आता सगळ्या आळ्या आपण पास केलेलं पाणी पितात. दादासोला ते वाक्य फार आवडायचं. यल्लव्वा ऐकून घ्यायची आणि आपला तांब्या घेऊन पाण्याला जायची.

तिसऱ्या वेढ्याला प्रसेनजीतचा हात थांबला. त्याने खाली पाहिलं. शेंग त्याने दोन बोटांच्या टोकांत धरली होती, भाजेल की काय अशी, आणि ती दगडावरून नुसती घसरत होती. सहाणेवर पाणी जवळजवळ तसंच होतं. पाच, असं ती म्हणाली होती. चारावर एक. तिने त्याच्यासाठी टेबलावर पेपर घातला होता आणि तीन पावलं ती मागे सरली होती. चौथ्याला भिंत होती. ती विसरली नव्हती, काही चुकली नव्हती, चिडलीही नव्हती. त्याने सांगितलेली व्यवस्था तिला माहीत होती, आयुष्यभर माहीत होती, आणि तिने ती पाळली होती. मूळ तुझं, पाणी आमचं. वेढे तेवढे सांग. तिने पोटच्या पोराला ओढ्यापलीकडे मोजलं होतं, कारण तो आपल्या पायांनी तिकडे जाऊन उभा राहिला होता. प्रसेनजीतला लाज वाटली. इतकी की त्याने उगाचच मागे वळून पाहिलं, कुणी पाहत नाही ना म्हणून. ज्या बापाने ती वाटी सगळ्यांदेखत पिऊन दाखवली त्याच्या मुलाने बनाबाईचं वाक्य उच्चारलं होतं, आणि बनाबाईने तर तोंडाने ते उच्चारलंही नव्हतं.

पण तरीही बुडबुडे होते. हा विचार त्याच्या मनातून जाईना. बनाबाईपाशी काही पुरावा नव्हता, त्याच्यापाशी होता. तिचा विटाळ खोटा होता आणि त्याचे जंतू खरे होते. त्याने हे नीट मांडून पाहिलं, कोर्टात मांडावं तसं, आणि त्यात कुठेही फट सापडली नाही. सगळं बरोबर होतं, आणि दाराशी पिशवी भरलेली होती. एकदा त्याला वाटलं, तिच्या तांब्यातलं पाणी घ्यावं आणि उकळावं. दहा मिनिटं उकळलं की प्रश्न मिटतो. त्याने पातेलं काढलंसुद्धा, गॅसच्या बटणाला हात लावला. मग त्याच्या लक्षात आलं की पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाईला या घरातला प्रत्येक आवाज ओळखू येतो. पातेल्यात पाणी खदखदू लागलं की ते कशासाठी, हे तिला सांगावं लागणार नव्हतं. त्याने पातेलं पुन्हा जागेवर ठेवलं. पोटात पीळ पडला, तो ओट्याला धरून वाकला, आणि पीळ सुटेपर्यंत तसाच उभा राहिला. मग त्याने सहाणेवरचं पाणी मोरीत ओतलं आणि सहाण, शेंग, साल घेऊन तिच्या खोलीत गेला.

ती हलली नाही. जागी होती, हे तिच्या पाठीवरून कळत होतं. तो कॉटच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसला. पुष्कळ वर्षांनी असा बसला असेल, गुडघा कटकन वाजला. कॉटखालून त्याने तांब्या ओढला. तांब्या फरशीवर घासला, त्याचा आवाज झाला. वर झाकण म्हणून पेला उपडा घातलेला होता, तो काढून त्याने बाजूला ठेवला. आत पाणी काळसर, स्थिर दिसत होतं. कुठलंही पाणी असंच दिसतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. नळीत दोन दिवस ठेवल्याशिवाय काही कळत नाही. त्याने सहाणेवर पाणी घेतलं. शेंग मुठीत धरली, अंगठा वर दाबून, जशी तो तिला धरताना पाहायचा. एक वेढा. आता दगडाचा आवाज वेगळा यायला लागला, खसखसणारा, जड. शेंगेचा पिवळट गर दगडाला धरायला लागला. दोन. बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

"पाणी कुठलं घेतलंस?" यल्लव्वाने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"तुझ्या तांब्यातलं."

 तो थांबला नाही. थांबून काही समजावून सांगावं, माफी मागावी, असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण त्यासाठी जे शब्द लागले असते ते सगळे मागच्या रविवारच्या शब्दांना लागूनच आले असते, आणि ते त्याला पुन्हा तोंडात घ्यायचे नव्हते. तीन. मनगट दुखायला लागलं होतं. सहाणेवर आता दाट गंधासारखं काहीतरी जमलं होतं आणि ते त्याला प्यायचं होतं, बुडबुड्यांसकट. त्या पाण्याने पोटात काय वाढेल, किती तासांनी वाढेल, हे त्याला माहीत होतं आणि भीती वाटत होती. बनाबाईलाही अशीच वाटली असेल. चार. त्याचा हात दगडाच्या कडेशी आला. तिने पाच सांगितले होते. आपल्याला कुठल्या बाजूला मोजायचं हे आता आपण ठरवायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. ती म्हणाली पाच, तर पाच. पोटात पुन्हा कळ यायला लागली होती. त्याने शेंग उचलून पुन्हा सुरुवातीच्या जागी टेकवली आणि अंगठा दाबला.

"चार झालं," यल्लव्वा म्हणाली. "बास की आता, पर्शा. आण हिकडं ती शेंग."

तोंड अजून भिंतीकडेच होतं. पण तिचा हात मागे आला होता, कॉटच्या कडेवरून खाली, तळवा वर करून. सालीचे दोन वेढे अजून राहिले होते. त्याने ओली शेंग तिच्या हातात दिली.